छत्तीस रिकामी पातेली

एका संध्याकाळी मी आणि चानो ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. दाणे माझ्या परातीत, टरफलं त्याच्या टोपीत. मध्येच तो म्हणाला, "एर्सिलिया, मी आधी जाणार. मागून तू सगळं नीट लिहून ठेव, तुझं अक्षर चांगलं आहे." मी म्हटलं, "आधी ती टोपी झटक."

त्याला जाऊन बारा वर्षं झाली. म्हणून मी, एर्सिलिया पेगेरो, बेसबॉल कोच फेलिसियानो ऊर्फ चानो मोंतास यांची विधवा, वय एकोणसत्तर, राहणार सान पेद्रो दे माकोरीस, साखर कारखान्यामागची गल्ली, डोकं ठिकाणावर आणि हात स्थिर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. राहतं घर, ओसरीवरच्या दोन्ही झुलत्या खुर्च्या आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी योकास्ता हिला. डावीकडची खुर्ची करकरते. तिला तेल घालू नये. चानो बसला की ती तशीच वाजायची.

२. माझी नणंद ओदालिस हिला रेडिओ. १९८६ च्या जानेवारीत अंतिम सामना हरल्यावर तिने हाच रेडिओ खाडकन बंद केला आणि भर बाजारात सांगितलं, "माझ्या भावाने घालवली मॅच." आता तिने तो हवा तेव्हा बंद करावा. माझा राग उरलेला नाही, फक्त आठवण चांगली आहे.

३. चानोचं स्टॉपवॉच, शिट्टी आणि सरावाची लांब, हलकी बॅट विनिसियो लागारेस याला. त्याचं कारण खाली लिहिते. हे कलम वाचताना योकास्ताने आवाज मोठा ठेवावा.

गुडघे गेल्यावर चानोने खेळणं सोडलं आणि बारा हंगाम तो आमच्या शहराच्या संघाचा तिसऱ्या बेसवरचा कोच होता. धावणारा तिथे पोचला की कोचने हात गोल फिरवायचा, म्हणजे पुढे घराच्या बेसकडे, धाव पुरी करायला पळ. दोन्ही हात वर केले, की थांब. त्या सामन्यात शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. वीस वर्षांचा विनिसियो दुसऱ्या बेसवरून सुसाट आला, तिसऱ्यालाही थांबला नाही आणि घराच्या बेसच्या चांगली दहा पावलं अलीकडे बाद झाला. मी तिसऱ्या बेसच्या मागेच बसले होते. चानोचे दोन्ही हात वर होते.

रेडिओवाल्याला मात्र तो म्हणाला, "मी पाठवलं. हात माझे, चूक माझी." घरी मी भांडले, तेव्हा हळूच म्हणाला, "समुद्रापलीकडच्या, उत्तरेकडच्या मोठ्या संघाचा माणूस पोरं निवडायला वही घेऊन बसला होता. कोचचा हात न बघणाऱ्या पोराला कोण घेईल? त्याची नोकरी लागायची आहे, माझी लागून झाली. कुठे बोलू नकोस." चार दिवसांत चानोची नोकरी गेली. विनिसियो उत्तरेला अकरा वर्षं खेळला. चानोने आमच्या घरामागची जागा सपाट केली आणि मरेपर्यंत तिथे गल्लीतल्या पोरांना शिकवलं. सुखात होता. तक्रार करायची ती मीच.

मी शब्द पाळला, पण माझ्या पद्धतीने. ईस्टरच्या आधी आमच्याकडे घरोघरी घेवड्याची गोड खीर शिजते आणि पातेली इकडून तिकडे जातात. आलेलं पातेलं कोणी रिकामं परत करत नाही. विनिसियोच्या घरून त्या वर्षापासून दरवर्षी आलं, आधी त्याच्या आईने पाठवलं, मग त्याने. मी ते दरवर्षी घासून, पुसून, रिकामं परत केलं. छत्तीस वेळा. चानो ओरडायचा, मी ऐकलं नाही.

यंदा तो स्वतः आला. पातेलं धरून दारातच उभा.

"एर्सिलियाबाई, त्या दिवशी कोचचे हात वर होते."

"माहीत आहे. मला डोळे आहेत."

"मी त्याच संध्याकाळी सगळं सांगणार होतो. कोचने कॉलर धरली. म्हणाला, मी आहे तोवर तोंड उघडलंस तर पुन्हा या मैदानात पाय ठेवू देणार नाही."

हे मला चानोने कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तो गेल्यावर बोलायचंस की, गाढवा!"

"येणारच असायचो. दर वर्षी वाटायचं, या खेपेला बोलू. तेवढ्यात तुमच्याकडून रिकामं पातेलं यायचं, आणि धीर सुटायचा."

मी त्याला आत बसवलं. करकरणाऱ्या खुर्चीत. त्याने रेडिओवर जाऊन सगळं सांगायचं ठरवलं आहे. मी हो म्हटलं आहे. तोपर्यंत हा कागद पुरावा समजावा.

४. घरामागची मोकळी जागा विकू नये. ती पोरांच्या खेळासाठी राहील, आणि शिकवण्याचा हक्क विनिसियोचा. तिसऱ्या बेसजवळची कोचची चुन्याची चौकट त्याने रोज स्वतःच्या हाताने आखावी. नावाची पाटी नको.

५. माझं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि लाकडी डाव योकास्ताला, पण एका अटीवर. यंदा मी विनिसियोचं पातेलं भरून पाठवलं, ते यंदाचं झालं. मागची छत्तीस राहिली. पुढच्या वर्षापासून दरवर्षी दोन पाठवायची, एक त्या वर्षाचं आणि एक मागचं. जमतील तेवढी मी पाठवीन, उरलेली तिने. खिरीत रताळं घालताना हात आखडू नये. हिशेबाने शेवटचं जाईल तेव्हा विनिसियो ब्याण्णव वर्षांचा असेल. तोवर त्याने जगायचं आहे, ही माझी त्याला सूचना.

साक्षीदार: रामोना सेवेरिनो, शेजारीण. तेओफिलो ब्रितो, निवृत्त शिक्षक. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही, पण सही झाल्यावर खीर मिळेल.

सही: एर्सिलिया पेगेरो, मोंतासची विधवा
सान पेद्रो दे माकोरीस, ३ मे २०२२