दाफिनाच्या झोपेची राखण

मी, स्टोयना त्रेंदाफिलोवा कालायजिएवा, वय सत्त्याहत्तर, रेशीमकिड्यांच्या केंद्रातून निवृत्त, राहणार सुहोदोल, इवायलोवग्रादजवळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातल्या गाठीसाठी दिलेल्या गोळ्या आज सकाळी मी मुद्दाम घेतल्या नाहीत. पुढे कोणी "म्हातारी गुंगीत होती" असे म्हणू नये. कोण म्हणेल ते मला ठाऊक आहे.

कलम १. राहते घर, अंगण व तुतीची झाडे माझा भाचा रुसी याला द्यावीत. तो मला हास्कोवोच्या इस्पितळात आपल्या गाडीने नेतो-आणतो. का नेतो, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर काहीही असले तरी गाडीत बसले मीच, म्हणून घर त्याचे. तळघर मात्र दाफिना जागी होईपर्यंत त्याचे नाही. पुढे कलम ४ पाहावे.

कलम २. राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायचे तांब्याचे भांडे माझी चुलत नणंद मारियोला हिच्याकडे आहे. ते आपलेच आहे असे ती चारचौघांत सांगते. तसे नाही. ते तिनेच ठेवावे, पण माझे म्हणून ठेवावे.

कलम ३. पोस्टातली शिल्लक माझ्या अंत्यविधीसाठी. लोकांना घेवड्याचे सूप द्यावे, पण ते माझ्या स्वयंपाकघरात शिजवू नये. त्या गर्दीत तळघराच्या दारापाशी कोण घुटमळते, हे पाहायला मी नसेन.

कलम ४. दाफिना हे माझे कासव. माझे दिवंगत पती रस्त्याच्या रोलरवर चालक होते. डोंगरातला रस्ता होत असताना दोन कासवे रोलरपुढे आली. त्यांनी रोलर थांबवला, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या आणि दोन्ही टोपीत घालून घरी आणली. एक दाफिना, दुसरा मुर्गो.

ही कासवे हिवाळाभर झोपतात. त्या काळी आम्ही त्यांना थंडीत बागेतल्या खड्ड्यात पाल्याखाली निजवत असू. अकरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत खड्डा उकरलेला दिसला, मुर्गो नव्हता. "कोल्ह्याने नेला असेल," असे सगळे म्हणाले. मातीत फावड्याची धार उमटली होती. कोल्हा फावडे वापरत नाही. शेजारी गेनादी चोलाकोव याची बायको सेव्हदा त्या हिवाळ्यात पोटातल्या गाठीने अंथरुणाला खिळली होती, आणि कासवाचे रक्त त्या आजारावर उतारा आहे असे आमच्याकडे म्हणतात. त्या दिवसापासून मी गेनादीशी बोलणे टाकले.

आता तोच आजार मला झाला आहे. रुसीची बायको पेत्राना उन्हाळ्यात म्हणाली, "मावशी, घरात औषध असताना असं सोसत बसायचं का? वाइनमधून घेतलं तर कळतसुद्धा नाही." तेव्हापासून तिने आणलेला बीटचा रस मी मोरीत ओतते.

सप्टेंबरात गेनादी दारात उभा राहिला. टोपी हातात.

"वहिनी, पेत्राना माझ्याकडे आली होती. कसं कापायचं ते विचारायला."

"मग सांगितलंस?"

"हाकललं. मुर्गो मीच नेला होता, वहिनी."

"ते मला माहीत आहे. पुढे बोल."

"सेव्हदाला डुकराचं रक्त म्हणून पाजलं. तिला कळलं होतं, तरी प्याली, माझ्यासाठी. काही उपयोग झाला नाही. ईस्टरला गेली."

मी त्याला बस म्हटले नाही. विचारले, "आणि दाफिना तुझ्याकडे दिली नि उद्या तुलाच झालं तर?"

"तर अंगात बळ आहे तोवर तिला डोंगरावर सोडून येईन. आजारी माणसाचा भरवसा नाही."

म्हणून दाफिना गेनादीला. त्याने पुढीलप्रमाणे वागावे, आणि आपल्याला सगळे येते असे समजू नये. झोपेआधी काही आठवडे खाणे बंद, पाणी चालू; रोज कोमट पाण्यात बसवून पोट रिकामे होऊ द्यावे. अशक्त असेल, नाक वाहत असेल, तर त्या वर्षी निजवूच नये. पेटीत पेटी, मध्ये पेंढा. आतल्या पेटीत माती व सुका पाला. हवेला भोके, त्यांवर बारीक जाळी, कारण उंदीर झोपलेल्याचे पाय कुरतडतात. तळघरात चार ते सहा अंश राहावे. गोठले तर डोळे जातात, ऊब वाढली तर अर्धवट जागी होऊन अंगातले बळ संपते. रुसीने एका हिवाळ्यात तिला लाडाने न्हाणीघरात शेगडीपाशी ठेवले होते. वसंतात ती कवचात खुळखुळत होती. अधूनमधून वजन करावे. फार घटले किंवा पेटीत मुतलेली दिसली, तर लगेच उठवावे. जागी झाल्यावर आधी कोमट अंघोळ आणि पाणी, खाणे मागाहून.

यंदा तिला मीच निजवले, गेल्या आठवड्यात. परवा दुपारी कळ आली आणि मी तळघराच्या पायऱ्या उतरले. पेटीवरचे झाकण काढले. हातात सुरी नव्हती. पण वजन करायची वेळ नव्हती, तपासायचे काही नव्हते, आणि मी खाली कशाला आले ते मला सांगता येईना. झाकण लावले, वर आले, कुंपणावरून गेनादीला बोलावून घेतले आणि तळघराची किल्ली दिली.

"कोणी मागितली तरी द्यायची नाही."

"पेत्रानाला कशाला देतोय मी?"

"मला पण नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही मागाल, वहिनी?"

"रडून मागेन कदाचित. तेव्हा दार लावून घे."

त्याने किल्ली शर्टाच्या आत टाकली आणि, अकरा वर्षांत पहिल्यांदा, मी त्याला बस म्हटले.

कलम ५. मी स्वतः याउलट काही लिहून दिले, तर आजच्या तारखेनंतरचे ते लेखन खोटे समजावे, अक्षर माझे असले तरी.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. खाली सही करणाऱ्या दोघींना यातून काहीच मिळणार नाही, म्हणून त्यांना बोलावले.

साक्षीदार: झ्लातिना कुर्तेवा (सही)
साक्षीदार: वेलिका दोब्रेवा (सही, चष्मा विसरली होती, मी मोठ्याने वाचून दाखवले)

स्टोयना कालायजिएवा (सही)
सुहोदोल, १९ नोव्हेंबर २०१९