पडद्याच्या कोपऱ्यातला काळा पट्टा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९४१. लोणावळे.

संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. ही मंडपातल्या घड्याळाची वेळ — माझ्या घड्याळावर विश्वास ठेवा असं मी कुणाला सांगत नाही. पाच चाळीसला दर्शनी पडदा पहिल्यांदा खाली सोडला आणि मी पहिल्या रांगेत ताडकन उभी राहिले. उजव्या कोपऱ्यातलं नाव नाही! नावाच्या जागी काळा पट्टा. हातभर लांब, चार बोटं रुंद. पुढे जाऊन बोट लावलं. ओला! बोट अजून काळं आहे, रॉकेलने घासलं तरी.

पुसणाऱ्याने पुसलंयही किती व्यवस्थित. पट्टी धरून!

सहा आठवडे ताजुद्दीन या पडद्यासाठी राबला. दिवसभर देहूरोडच्या लष्करी डेपोत खोक्यांवर नंबर घालायचे, गाडीने परत यायचं, हातपाय धुवायचे आणि शाळेच्या पडवीत पडद्यापुढे उकिडवं बसायचं. रविवारी तर सकाळपासून. सगळं फुकट. आणि काय देखणा पडदा! तळं, संगमरवरी पायऱ्या, तीन राजहंस. कोपऱ्यात दोनच ओळी. ‘चित्रकार — ताजुद्दीन’. त्याखाली ‘मार्गदर्शन — मिस रणपिसे’. खालची ओळ असावी असं आमचं ठरलं होतं.

दहा वर्षं दर रविवारी माझ्या व्हरांड्यात बसून शिकलाय तो. मुलींच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या नोकरीची पेन्शन घेऊन मी इथे आले तेव्हा तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता सत्तावीस वर्षांचा आहे. परवा रविवारी चंद्रकोर नाटक मंडळीचे मॅनेजर सोपानराव येणार आहेत, त्यांना पडदे रंगवणारा माणूस पाहिजे. कायमची नोकरी. खोक्यांवरच्या नंबरांतून पोरगा सुटेल. आणि नेमकं नावच पुसलेलं!

आमच्या गावच्या कला महोत्सवाचे चिटणीस रखमाजीशेठ. त्यांना कोपरा दाखवला तर म्हणतात, “अहो रणपिसेबाई, पडदा दिसतोय ना? मग झालं तर! नाव काय, कोण वाचतंय?” स्वतःचं नाव मात्र प्रवेशदारावर दीड हात उंच अक्षरांत. शी!

ताजुद्दीन विंगेत उभा होता. म्हटलं, पाहिलंस?

“पाहिलं, बाई.”

मग?

“असू द्या, बाई.”

असू द्या! असल्या गरीब स्वभावाचीच माणसं पायाखाली जातात.

शनिवार, १५ नोव्हेंबर

स्वयंसेवकांचे बेचाळीस बिल्ले वाटलेत. आज दिवसभर एकेका बिल्ल्याकडे बघत होते. या गर्दीतच कुणीतरी तो काळा कुंचला धरला. पण मग मनात आलं, ही माणसं इथे येतात तरी का? कलेसाठी? कालच्या गाण्यात बेचाळिसांपैकी किती जण गाणं ऐकत होते? मी मोजले. तीन. त्यातला एक झोपला होता.

रखमाजीशेठ दर मध्यंतरात रंगमंचावर चढून पेटलेली बत्ती पुन्हा पेटवतो. म्युनिसिपालिटीची निवडणूक जवळ आली की या माणसाला कला आठवते. कॉलेजातली चार पोरं बायकांच्या दाराशी ‘व्यवस्था’ बघतात. पुरुषांच्या दाराला व्यवस्था लागत नाही वाटतं! आणि त्या बंगलेवाल्या रतनबाई. भरतकामाच्या दालनाच्या प्रमुख. सुईत दोरा ओवता येत नाही, पण मुलगी लग्नाची आहे. जो जो चांगल्या घरचा माणूस दालनात शिरतो त्याला एकच रुमाल दाखवतात — “आमच्या लिलीनं केलाय हो!” सगळ्याचा उबग आला.

पट्ट्याबद्दल रतनबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “मला कोपऱ्याकोपऱ्यांत बघायची सवय नाही, बाई. पण एक विचारू? तुम्ही कशासाठी बिल्ला लावलात?”

“या गावातल्या लोकांची नजर सुधारावी म्हणून.”

“अगंबाई! मग मघापासून तुमचं नाव गेलं, तुमचं नाव गेलं, असंच का ऐकू येतंय मला?”

मी ताजुद्दीनच्या नावाबद्दल बोलत होते. तिथल्या तिथे सांगितलं. आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथा म्हणायच्या, मूर्खाशी वाद घालताना आवाज खाली ठेवावा. माझा खाली राहिला नाही.

माझी मोलकरीण धोंडाबाई तिथे बायकांच्या बाजूला पाणी द्यायला असते. तिलाही बिल्ला. घरी येताना विचारलं, तू गं कशाला जातेस तिथे?

“बसाया मिळतं, बाई.”

म्हणजे?

“पानी दिलं की बसायचं. घरी कुटं बसाया मिळतं? हितं कुनी उटवत न्हाई.”

बेचाळिसांत एकच स्वच्छ उत्तर. मग म्हणते, “तुमी त्या पट्ट्याचा लय तरास करून घेता. येवढा ग्वाड पडदा, दिठीला काळं लागलं तं बरंच की!”

दिठीला! हसू आलं, मग त्याचाही राग आला.

महोत्सवाच्या समितीला पत्र लिहिलं. तीन प्रती. पट्टा कुणी मारला, कुणाच्या सांगण्यावरून, आणि नाव पुन्हा केव्हा घालणार. सोमवारी दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर. तोंडी काहीही चालणार नाही, हे दोनदा लिहिलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज एक काम मनासारखं झालं.

सोपानराव दुपारच्या गाडीने उतरणार होते. रखमाजीशेठ हार घेऊन पोचायच्या आत मी फलाटावर हजर. उंच गृहस्थ, काळी टोपी, बोलणं सौम्य. सरळ सांगितलं — आमच्याकडे कुणीतरी चित्रकाराचं नाव पुसण्याचा नीचपणा केला आहे, तेव्हा नाव माझ्या तोंडून ऐका. ताजुद्दीन. दहा वर्षं माझ्या हाताखाली तयार झालेला.

“असं? मग पडद्याची आखणी कुणाची?”

“माझी.”

“आणि रंग?”

“सांगितल्याशिवाय त्याला कुठले सुचायला! निळा तर मी चारदा बदलायला लावला. राजहंसांची मान मी स्वतः खडूने काढून दिली. पण हात सोन्याचा आहे हो त्याचा. सांगाल ते जसंच्या तसं उतरवतो.”

“जसंच्या तसं. बरं, बरं.” मान हलवली त्यांनी. समाधान झालेलं दिसलं.

मंडपात त्यांनी पडदा बराच वेळ पाहिला. मग ताजुद्दीनला बोलावून घेतलं. मी लांबून पाहत होते. पाच मिनिटंही बोलले नसतील. नंतर ताजुद्दीन माझ्या खुर्चीजवळून गेला आणि थांबला नाही. ‘बाई’ म्हणूनसुद्धा नाही! आनंदाने गोंधळला असेल. तरी माणसाने रीत सोडू नये.

सोमवार, १७ नोव्हेंबर

साडेअकराला समितीचं उत्तर. एक ओळ! “सदर पट्टा समितीने मारलेला नसून चौकशी मंडपवाले कोंडाजी यांजकडे करावी.” खाली रखमाजीशेठची सही — सहीखाली दोन रेघा, राजासारख्या.

मंडप सोडत होते. कोंडाजी बांबूवर बसून दोर गुंडाळत होता.

“म्यां न्हाई वो बाई. ताजूभाऊनीच मारला की.”

कोणी?

“ताजूभाऊनी. शुक्रवारी चार वाजता, डेपोतनं लौकर आला व्हता. म्यां शिडी धरली व्हती. पट्टी लावली, एक हात मारला, लय येळ बघत बसला. म्यां इचारलं, आरं काय केलंस ह्ये? तं म्हनला, आता खरं झालं.”

खोटं बोलतो आहेस, म्हणाले. तो दोर गुंडाळत राहिला. “व्हय. मंग मी खोटा.”

त्याला कुणीतरी पढवलेलं आहे. या गावात मेहनत कुणाची, नाव कुणाचं आणि बट्टा कुणाला, सगळं ठरवून होतं. रखमाजीच असणार. तरी जेवण गेलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ताजुद्दीनच्या घरी गेले. बाजारामागची गल्ली. तो डेपोत. त्याची आई मदिना दारात तांदूळ निवडत होती. तिने पाट दिला, चहा टाकला. मी सरळ विषय काढला.

“व्हय बाई, त्यानंच पुसलं. मला सांगितलं त्यानं.”

का?

ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, “तुमी समितीत त्याचं नाव दिलं, त्या दिशी त्यानं भाकर खाल्ली न्हाई.”

मी म्हटलं, मग नाही म्हणायचं होतं. स्वयंसेवक आहे तो, वेठबिगार नाही!

“तुमास्नी?” मदिना हसली. वाईट नव्हतं हसणं. “दहा वर्सं रंग तुमी दिलं, कागूद तुमी दिलं, त्याचा बा गेला तवा चाळीस दिस डबा तुमच्याकडनं आला. तुमाला न्हाई म्हनायला त्याला तोंड कुटून आणू मी?”

मग मला आत नेलं. भिंतीवर डेपोच्या पॅकिंगचा तपकिरी कागद, चार ठिकाणी जोडलेला, दारापासून खिडकीपर्यंत. त्यावर कोळसा आणि थोडासा चुना. आमच्या स्टेशनचा फलाट. संध्याकाळची गाडी. डेपोतून परतणारी माणसं — डबे, मफलर, उतरताना एकमेकांच्या खांद्यावर टेकलेले हात. मागे नागफणीचा सुळका, फक्त एका रेघेत. एक बाई टोपली डोक्यावर घ्यायला वाकलेली, आणि तिला हात देणारा माणूस तिच्याकडे न बघता गाडीकडे बघतोय.

हे मी ओळखलं. सप्टेंबरात त्याने याचं वीतभर टिपण आणून दाखवलं होतं. पडद्यासाठी. मी म्हटलं होतं, “शी! उत्सवाच्या पडद्यावर मजूर? पूस ते.” त्याने माझ्यासमोरच खोडरबर घेतला होता.

आखणीत चूक शोधली. खांब, रूळ, डबे — सगळ्या रेघा डोळ्यांनी ओढून पाहिल्या, एकतीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या तशा. सापडली नाही.

चहा प्यायला नाही. कृतघ्नपणा आहे हा, दुसरं काय! आवडत नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं. मी काय खाल्लं असतं त्याला? पाठीमागून पट्टा मारायचा, आणि मी तीन दिवस अख्ख्या गावाशी भांडत फिरायचं!

आमचं ठरलं होतं, असं शुक्रवारी लिहिलंय वर. आमचं नाही. मी सांगितलं आणि त्याने लिहिलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रखमाजीशेठ रस्त्यात भेटला. “काय बाई, सापडला का चोर?” मी रस्ता ओलांडला. रतनबाईंच्या लिलीचं जमलं म्हणे. निदान एकीला तरी बिल्ला फळला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ताजुद्दीनचं पत्र. अर्ध्या मैलावर राहतो आणि पत्र रजिस्टर टपालाने! पोस्टमनसमोर सही करावी लागली. जसंच्या तसं उतरवून ठेवते —

“बाईंना सलाम. सोपानराव मला म्हणाले, आखणी बाईंची, रंग बाईंचे, मग तुझं काय? मी म्हणालो, हात. ते म्हणाले, हात पुण्यात पुष्कळ मिळतात. पडदा माझा नव्हता, म्हणून मी माझं नाव ठेवलं नाही. तुमचंही त्याच पट्ट्यात गेलं, त्याची माफी मागतो. घरी फलाटाचं चित्र आहे ते बघा, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तेही बाईंनीच आखलं नसेल कशावरून? बाईंचं लिहून आण, मग बघतो. महोत्सवात मी आपणहून आलो नव्हतो, तुम्ही नाव दिलंत. हे मात्र मी आपणहून मागतो आहे. फलाटाच्या चित्रात तुमचा हात नाही, तुमचा सल्ला नाही, आणि ते पुसायला तुम्हीच सांगितलं होतं, एवढं सहीनिशी लिहून द्यावं. कंपनी शनिवारी पुणे सोडते. मी त्याच सकाळच्या पहिल्या गाडीने जाणार. तोंडी सांगून चालणार नाही. उत्तर लेखी पाहिजे, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत.”