सात डब्यांची व्यवस्था

मी, अनसूया गोविंद पाठक, वय ७९, अविवाहित, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि दबावाखाली मी कधी काही केल्याचे नातेवाइकांना आठवत नसेल.

१) पडेगावचे दोन खोल्यांचे घर व बँकेतील ठेव भाची मृण्मयी हिला.

२) भाचा केयूर यास लोखंडी कपाट. किल्ली दोन वर्षांपासून सापडत नाही. माझ्या छंदाला त्याने चारचौघांत ‘आत्याचा लपंडाव’ म्हटले होते, तेव्हा ती त्यानेच शोधावी.

३) आता तो छंद. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. डबा लपवायचा, ठिकाण संकेतस्थळावर द्यायचे. लोक मोबाइल घेऊन शोधत येतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तिथे ठेवतात. २०१४ साली मी छावणीपासून चिकलठाण्यापर्यंत असे सात डबे लपवले. एकेक डबा अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रॉक अँड रोलमधल्या एकेका गायकगटाच्या नावाने आहे. वाद्ये जेमतेम, सगळा भार चार-पाच गळ्यांवर, अशी त्यांची गाणी. आमच्या एक्स्चेंजमधल्या आम्ही चौघी ती छावणीतल्या एका मेजरीणबाईंच्या तबकड्यांवरून शिकलो होतो. ट्रंक लाइन रिकामी असली की हेडफोन डोक्यावर ठेवूनच गायचो. तबकड्या व सातही डबे मृण्मयीला. दर दिवाळीनंतर वह्या बदलाव्यात.

४) पाचवा डबा हातपंपाजवळ ठेवू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात तो एका कोरड्या हातपंपाखाली होता. मोबाइल धरून जमिनीकडे बघत फिरणारी मंडळी टँकरच्या रांगेतल्या बायांना जमिनीतले पाणी शोधणारे पाणाडे वाटली. आवडाबाई नावाच्या एकीने मलाच विचारले, “आजी, हितं पाणी लागंल का?” मी “बघतेत” म्हणाले. खरे सांगण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी डबा उचलला.

५) कडूबाई पुंजाराम शेळके, मूळ गंगापूरची, हल्ली चिकलठाणा. आमच्या चौघींतला खालचा स्वर तिचा. १९६८ च्या खात्याच्या संमेलनाआधी कोणी तरी तिच्या आवाजाला पुरुषी म्हणाले आणि मी तिला वगळले. तिघी गायलो, गाणे पडले. चूक सर्वस्वी माझी होती. ती बदली मागून गेली, नंतर आम्ही बोललो नाही.

२०१५ साली वर्तमानपत्रात या डब्यांविषयी माझ्या नावानिशी छापून आले होते; त्यावरून तिला कळले असावे. रस्तारुंदीकरणात तिसरा डबा दोनदा गेला. दोन्ही वेळा मी पोहोचण्याआधी तिथे नवा डबा होता. वहीत नाव नव्हते, फक्त तारीख, वेळ आणि ‘चालू’ असा शेरा. ते अक्षर मी सहा वर्षे ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्यांवर पाहिले आहे.

मी तिला पत्र लिहायला बसले, फोन लावायला बसले, जमले नाही. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, आणि साक्षीदाराने माझ्यासमोर बसून माझी सही पाहावी लागते. म्हणून कडूबाईला मी काहीही ठेवत नाही. तबकड्यासुद्धा नाहीत. तिला वकिलांमार्फत साक्षीसाठी निरोप पाठवला आहे. ती आली नाही, तर तिच्या जागी वकिलांच्या कारकुनाची सही घ्यावी व हे कलम तसेच राहू द्यावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

अनसूया गोविंद पाठक
छत्रपती संभाजीनगर, दि. १८ मे २०२४

साक्षीदार:

१) मंजुषा साहेबराव जाधव, शेजारीण, पडेगाव.

२) कडूबाई पुंजाराम शेळके, चिकलठाणा. सही माझ्या डोळ्यांदेखत झाली. सहीला पाच मिनिटं लागली. मी सकाळी धा वाजता आले, दिवेलागणीला निघाले. मधी काय झालं ते हितं लिहायची गरज नाय.