मंगळवारचे सहा अंगठे

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

गणपती गेले, ऑफिस उघडलं. माझी जागा तीच — झेरॉक्स मशीनच्या शेजारी. पाठीला गरम वाफ, समोर भिंत. बारा वर्षं घरोघर फिरले आणि आता हे!

गुरुदासने आज पुन्हा सगळ्यांसमोर माझी जुनी टिपणं काढली. वाचून दाखवलं — 'काका आज रडले. मलाही रडू आलं.' मग हसत म्हणतो, "नम्रताताई, आपण कार्यकर्ते आहोत हो, सोयरे नाही!" सगळे खाली बघून हसले. मी चहाचा कप धुवायला उठले.

हा संस्थेत येऊन जेमतेम आठ महिने. समाजकार्याची पदवी आहे ना त्याच्याकडे! माझी बारावी. तेवढ्यावर जूनअखेर माझी मिठबावकडची दहाही घरं त्याने घेतली. अंथरुणाला खिळलेली माणसं सगळी. दर आठवड्याला जायचं, पाठीच्या जखमा धुवायच्या, पट्टी बदलायची, फॉर्म भरून पेशंटचा अंगठा घ्यायचा. 'ताई गुंततात' असं त्याने भाईंच्या कानात भरवलं. भाई आमचे संस्थापक. देवमाणूस, पण कुणीही गुंडाळावं असा. वर नवा नियम — सोपवलेल्या घरांशी परस्पर संबंध ठेवायचा नाही. फोनसुद्धा नाही!

बरं! नाही ठेवला. पण ह्या गुरुदासचं तोंड उतरलेलं मला बघायचंय. ह्याच डोळ्यांनी. तोवर मी कुठे जात नाही.

सगळं दिलं मी, फक्त माझा स्टॅम्पपॅड दिला नाही. ऑफिसचे निळे पॅड दोन महिन्यांत सुकतात. मी आपला स्वतःचा घेतला होता बाजारातून, जांभळ्या शाईचा. तो अजून माझ्या पिशवीतच आहे. राहू दे तिथेच.

९ सप्टेंबर

त्याच्या भाषणाच्या पन्नास प्रती काढल्या. चौथं पान मुद्दाम उलटं लावलं. पन्नासांतही.

११ सप्टेंबर, गुरुवार

मथुराकाकी आल्या.

पहिल्या एस.टी.ने मिठबावहून निघालेल्या. कपाळ मोकळं. मी बघतच राहिले. त्यांनी पिशवीतून नारळ काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "गो बाये, खंय होतंस तू? हे गेले."

दत्तारामकाका गेले! तीन ऑगस्टला. आणि मला आज कळतंय.

काकांकडे मी चार वर्षं जात होते. दर मंगळवारी. माडावरून पडून कमरेखाली लुळे झालेले. तोंड मात्र चालू! फॉर्मवर अंगठा घेताना दर वेळी भांडण — "कित्याक गो हात जांभळो करतंस? मी काय वांगां?" कोयत्याने त्यांचा अंगठा कधीतरी मधोमध फाटला होता, त्या फटीत शाई जाऊन बसायची. मग मी खोबरेल लावून पुसून द्यायची. तोवर काकी चहा टाकायच्या.

"पाच मंगळवार वाट बघलंव," काकी म्हणाल्या. "कोण म्हणान कोण येवक नाय. माका डोळ्यांनी दिसणा नाय, पट्टी कशी बांधू? पाठ कुसली गो ह्यांची. वास सुटलो. तरी म्हणा होते, आज मंगळवार, नम्रता येतली."

"ऑफिसात फोन करायचा होता काकी."

"केलंय. येतले येतले म्हणान सांगल्यानी. तुका पण दोनदा केलंय. तू उचलूक नाय."

नाही उचलला. नाव दिसलं होतं स्क्रीनवर. नियम होता म्हणून — छे, इथे तरी खोटं कशाला लिहू! राग होता. म्हटलं, घेतलीत ना माझी घरं, आता तुमच्या पदवीवाल्याला बोलवा. आणि हा राग कोणामुळे? गुरुदासमुळे! सगळं त्याच्यामुळे. तो गेला नाही. पाच आठवडे एक माणूस जितेपणी सडला आणि हा इथे सोयरे-कार्यकर्ते शिकवत होता. शिरा पडो त्याच्या तोंडार!

काकींना बसस्टँडवर सोडलं. हात धरून म्हणाल्या, "कोणाचो दोष ता माका कळाक होया."

कळेल काकी. मी कळवते.

१२ सप्टेंबर

सापडला!!

वार्षिक अहवालासाठी सगळ्या फायलींच्या झेरॉक्स ऑगस्टात ऑफिसातल्या रियाने काढल्या होत्या, मी तापाने घरी होते तेव्हा. गठ्ठा माझ्याच टेबलाखाली पडलेला! (मूळ फायली गुरुदासच्या कपाटात, कुलपात.) काकांचे फॉर्म काढले. १ जुलै, ८, १५, २२, २९. पाचही मंगळवार भरलेले. गुरुदासचं ते छापल्यासारखं अक्षर — 'जखम स्वच्छ केली. प्रकृती स्थिर. कुटुंब समाधानी.' खाली अंगठा.

आणि सहावा — ५ ऑगस्ट! 'प्रकृती स्थिर.' खाली अंगठा.

माणूस तीन तारखेला गेला रे! पाच तारखेला स्थिर? त्याहून स्थिर काय असणार!

अंगठे झेरॉक्समध्ये नुसते काळे गोळे. स्वतःचाच उठवला असणार मेल्याने. बसला असेल ऑफिसात पंख्याखाली, एकामागून एक. मी तो सहावा फॉर्म तीनदा वाचला. शपथेवर सांगते, बारा वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता. मग स्वतःचीच लाज वाटली. पण थोडीच.

१४ सप्टेंबर, रविवार

नियम गेला खड्ड्यात. मिठबावला गेले.

काकांची खाट अंगणात उलटी टाकलेली. काकींना सहाही फॉर्म वाचून दाखवले. त्या आत गेल्या, लुगडं बदललं, नारळ घेतला आणि म्हणाल्या, "चल देवळात. गाऱ्हाणां घालूया."

मी म्हटलं, भाईंकडे तक्रार करतेच आहे. "भाई तुझो. माजो देव आसा," म्हणाल्या.

देवळात गाऱ्हाणं घालायचा मान असलेल्या गावकरांनी नारळ देवापुढे ठेवला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ह्या तुझ्या लेकरान आज तुझ्या दारात हाक मारल्यान आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या घोवाक जितेपणी नरक दाखवल्यानी, म्हाराजा! ज्याच्या हातान ह्यां घडलां, तो आपलो असो नायतर परको, तेका उजेडात घेवन ये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी इतक्या जोरात ओरडले की दीपमाळेवरची कबुतरं उडाली. गावकरांनी वळून बघितलं. घसा अजून दुखतोय.

१६ सप्टेंबर

भाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शांतपणे घेऊया ताई." मी म्हटलं, शांतपणे नाही घ्यायचं. सगळ्यांसमोर घ्यायचं. माझी टिपणं सगळ्यांसमोर वाचली तेव्हा शांतपणा कुठे होता?

शनिवारी बैठक.

१८ सप्टेंबर

गुरुदास आज माझ्या टेबलाशी येऊन म्हणतो, ताई, दोन पानं झेरॉक्स करून द्या ना. दिली. अगदी सुबक. जा बाळा, शनिवार जवळ आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

झालं!

बैठकीला अकरा माणसं. अकरा संच मीच काढले होते. एकही पान उलटसुलट नाही, सगळं चोख. प्रत्येकापुढे एकेक ठेवला. वर काकींनी दिलेला मृत्यूचा दाखला, खाली ५ ऑगस्टचा फॉर्म. मग म्हटलं, "गुरुदास, वाचून दाखवा. तुम्हाला वाचायची सवय आहे."

आधी हसायला गेला. मग पान दिसलं. मान खाली. भाईंनी विचारलं, "गेला होतात का तुम्ही?" त्याने पान पालथं घातलं. मग — "नाही."

एकदाही?

"एकदाही नाही. भाई, अडतीस घरं आहेत माझ्याकडे. पावसात स्कूटर दोनदा घसरली. मिठबाव लांब पडतं. बाकी ठिकाणी जावंच लागतं, अंगठा आणायचा असतो. ह्यांचे फॉर्म मला फाईलमध्ये अंगठ्यासकटच मिळाले. कोरे. नुसती तारीख घालायची होती. म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ..."

मी ताडकन उठले. अंगठ्यासकट! म्हणजे माझ्यावर? "मेल्या, मेलेल्या माणसाचा खोटा अंगठा उठवलास आणि आता माझं नाव घेतोस?"

"ताई, तुम्हीच—"

"खोटं! साफ खोटं!" भाईंनी माझ्याकडे बघितलं. "ताई बारा वर्षं इथे आहेत," ते म्हणाले, "त्या असं करणार नाहीत." तिथेच विषय संपला. गुरुदासला आजपासून कमी केलं. जिल्ह्यातल्या बाकी संस्थांनाही भाई कळवणार आहेत, असा माणूस घेऊ नका म्हणून.

त्याने बॅग भरली. मी दारात उभं राहून बघितलं. शेवटपर्यंत. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं — राग नव्हता, कसलंतरी नवलच होतं तोंडावर. नाटकी!

मिठबावची दहाही घरं मला परत. नऊ. काकांचं घर आता फक्त बंद करायचं — केस बंद केल्याचं टिपण लिहायचं. मूळ फाईल सोमवारी कपाटातून मिळेल.

काकींना फोन केला. सगळं सांगितलं. त्या रडल्या. मी रडले नाही. येताना जिलेबी घेऊन आले.

२२ सप्टेंबर, सोमवार

फाईल उघडली. अंगठे जांभळे आहेत.

सहाही. प्रत्येकात मधोमध कोयत्याची पांढरी रेघ.

आत्ता आठवलं. चोवीस जून, मंगळवार. बाहेर धो धो. काका कावले होते — "रोज रोज कित्याक? घे गो एकदाच काय ते, आणि सोड माजो हात." मला हसू आलं. मीही म्हटलं, येणार तर मीच आहे दर मंगळवारी, काय फरक पडतो? सहा कोऱ्या फॉर्मवर सहा अंगठे घेतले. खोबरेल लावून पुसला हात. फॉर्म फाईलच्या मागच्या खिशात सारले. आणि तीस तारखेला तीच फाईल रागारागाने गुरुदासच्या टेबलावर आपटली.

ते नसते तर अंगठ्यासाठी तरी त्याला जावं लागलं असतं.

आत्ता काकींचा फोन येऊन गेला. म्हणाल्या, "देवान ऐकलां गो, बाये."

होय काकी. ऐकलं.