गाळाची खोली

१ मे
पोहोचलो एकदाचे! अर्जुनी मोरगावहून शेवटचा टप्पा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. प्रतापगडच्या दर्ग्याहून परतणारी मंडळी होती, त्यांनी मूठभर रेवड्या हातावर ठेवल्या. मी आणि माझा वर्गमित्र प्रफुल: एम.एस्सी. दुसरं वर्ष, नैसर्गिक संसाधनं आणि संवर्धन. प्रबंधासाठी या गावच्या जुन्या तलावात किती गाळ साठलाय ते मोजायचं आहे. विद्यापीठाने दिलंय काय, तर पत्र आणि एक प्लास्टिकचा पाइप. नंदाबाई ढिवरांकडे उतरलो. एकट्याच असतात. सुक्या झिंग्यांची चटणी अशी केली होती की प्रफुलने चार वेळा भात मागितला.

२ मे
तलाव कोरडा ठाक आहे. तळाला भेगा पडल्यात आणि त्यावरून बैलगाड्या सरळ पलीकडे जातात. पाइप ठोकायचा, उपसायचा, आतल्या थरांवर पट्टी धरायची. दुपारपर्यंत नऊ जागा झाल्या. बाराच्या सुमाराला तलावाच्या मधून कोणा पुरुषाने हाक मारली, "कोन हाय जी तिकडं?" बेशरमाच्या झुडपांमागे कोणी दिसेना. प्रफुल तोंडाशी हात धरून ओरडला, "प्रफुल अन् गुंजन! विद्यापीठातून आलो!" मीही हसत ओ दिली.

३ मे
जेवताना सहज सांगितलं. वाढता वाढता नंदाबाईंचा हात थांबला. "काऊन ओ देली वो पोरी? नाव कायले सांगतलं?"
मग हळूहळू सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे मालक, शालीकराम, भर दुपारी याच कोरड्या तळात रुतून गेले. त्यांच्या आधी आणखी कोणी. ज्याला शेवटी ओढलं त्याच्या आवाजात तलाव हाक मारतो, आणि नाव सांगेल त्याला सोडत नाही. म्हणून उन्हाळ्यात बाराला गाव दारं लावून घेतं.
प्रफुलने हे 'लोकसमजुती' या प्रकरणासाठी वहीत उतरवून घेतलं. मीही हसले, पण जरा कमीच.

५ मे
प्रफुल गेला.
लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. आजची दहावी जागा. जमीन दगडासारखी, पाइप आत शिरेना. घड्याळात बारा. एकदम तो गुडघ्यापर्यंत खाली गेला. हसला. मग छातीपर्यंत. मी त्याचा हात धरला, तो ओला होता, थंड होता, आणि माझ्या पायांखाली मात्र भेगा पडलेली सुकी माती. हात सुटला.
गावकरी फावडी घेऊन आले. पुरुषभर खणलं. सुका गाळ. पाइप सापडला.

६ मे
पोलिसांनी 'बुडून मृत्यू' लिहिलं. मी म्हटलं, तलावात पाणीच नाही. शिपाई म्हणाला, मॅडम, मग काय लिहू?
प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. धीर दिला. मोजणी कितपत झाली तेही विचारलं.

७ मे
बाराला दार लावून बसलो होतो. हाक आली. "गुंजन." प्रफुलचा आवाज. नंदाबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबून धरला. त्या रडत होत्या. अकरा वर्षं रोज दुपारी त्या दाराआड बसून नवऱ्याचा आवाज ऐकत आल्या होत्या. आज तो नव्हता. यापुढे नसणार.
संध्याकाळी मला बसमध्ये बसवलं. मी विचारलं, आता मला नाही ना काही होणार? त्या म्हणाल्या, "पोहोचलीस की फोन कर."

८ मे
गोंदियात, कुडव्याला नीलाआत्याकडे. टाइल्सची फरशी, शेजारी मोबाइलचं दुकान, रस्त्यावर हिंदी गाणी. बरं वाटलं.
बाराला न्हाणीघराच्या जाळीतून हाक आली. "गुंजन."

९ मे
नळातून गाळ येतोय. फक्त मी उघडला की. आत्याने उघडला तर स्वच्छ पाणी.
डॉक्टर म्हणाले, गर्मी का असर है, सदमा भी है, आराम करो.
आज बाराला माझा पाय टाइलमध्ये रुतला. पट्टीने मोजलं. दोन सेंटीमीटर. मग फरशी पुन्हा सपाट.

१० मे
सहा सेंटीमीटर. वरच्या मजल्यावर गेले होते. तिथेही.
नंदाबाईंना फोन केला. काय करू, विचारलं. म्हणाल्या, "जेवलीस का वो?"

११ मे
खोकल्यातून करडा गाळ पडतो. आत्याला सांगितलं. ती माझ्या डोक्यावर तेल घालत राहिली. आईला बोलावलंय म्हणाली.
पलंगावर पाय घेऊन बसले होते. पलंगही—

१२ मे
गुडघे. अर्धा तास. मग सुटले.
हाकेत राग नाही, काही नाही. नुसतं नाव. सारखं—

१३ मे
वही खिडकीत ठेवून लिहितेय. बारा वाजले. कमरेपर्यंत.
प्रफुलची हाक आज नाही.
दुसरी आली. न्हाणीघरातून. माझ्या आवाजात— "कोण आहे तिकडं?"
मी बोललेच नाही. तोंड गाळाने—
स्वयंपाकघरातून आत्या हसतेय. अगं मीच, म्हणतेय, तुझी नी—
आत्या नको नाव न