यंदाचा नाताळ तुझ्याकडे

२ डिसेंबर

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

आपलं फोनवरचं बोलणं तू रिसीव्हर आपटून संपवलंस, तेव्हा आता पत्रच बरं. दोघींचे निरोप पोचवून तुझ्या नवऱ्याचा, आमच्या धाकट्याचा, जीव मेटाकुटीला आलाय, असं तोच म्हणाला. कागद आपटता येत नाही, एवढी तरी सोय.

मुद्द्याचं लिहिते. जिन्यावरून पडल्यापासून आई तुमच्याकडे आहे, तिचं घर बंद झालं, त्यामुळे यंदा नाताळचं जेवण तुझ्याकडे हे उघडच आहे. मी, हे, मामंजी आणि दोघी मुली असे आम्ही येऊ. मामंजींना कांदा चालत नाही आणि धाकटीला सध्या काहीच चालत नाही. आई दोन बदकं भाजायची, तेव्हा दोनच हवीत. एकात भागवलंस तर टेबल उघडंबोडकं दिसतं. बटाटे बदकाच्या चरबीतच भाजायचे, तेलात नाही. केकची फळं तू कधीच भिजत घातली असशील. नसशील तर मला कळवू नकोस, उगाच मन खट्टू होईल.

ताण अजिबात घेऊ नकोस. मी दिवसभर लिफ्ट तपासते. कुठल्या दोराला किती ताण सोसतो, हे मला कळतं. आदल्या दिवशी बटाटे सोलून पाण्यात ठेव, सूप करून ठेव, टेबल मांडून ठेव आणि सकाळी हसतमुखाने ऊठ. आईला हे सगळं हसत जमायचं. तिला कधी कुणी घामाघूम पाहिलं नाही.

एक विचारायचं राहिलं. मी जेव्हा जेव्हा फोन करते तेव्हा आई झोपलेली असते, असं धाकटा सांगतो. भर दुपारीसुद्धा? तिला फोनवर आण.

माया आहेच, ती वेगळी लिहायला नको.

तुझी,
वन्सं

———

७ डिसेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

ताण घेऊ नकोस, हे सांगायला तुम्ही दोन पानं भरून ताण पाठवलात. मिळाला.

आमच्याकडे डिसेंबर कसा असतो ते सांगते, कारण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तुम्ही विचारलेलं नाही. नाताळात सगळ्या गावाला दात हवे असतात. वर्षभर नुसत्या हिरड्यांवर काढलेल्या माणसांना सणाच्या जेवणाआधी कवळी हवी होते. दवाखान्यातून मापं येतात, मी प्लास्टरचे साचे ओतते, गुलाबी मेणात एकेक दात बसवते, घासते, पुन्हा बसवते. घरी येते तेव्हा नखांत प्लास्टर सुकलेलं असतं. त्याच हातांनी बदकं भाजायची आहेत. तुम्ही लिफ्ट तपासता ते ठीक आहे, मला तपासू नका.

आमच्या ओव्हनमध्ये एक बदक नीट मावतं. दुसऱ्याला पहिल्याच्या मांडीवर बसावं लागेल. रविवारी सराव म्हणून एक भाजून पाहिलं. बाहेरून तांबूस, आतून कच्चं. मग मी बाथरूममध्ये गेले, नळ पूर्ण सोडला आणि मनातलं सगळं मोठ्याने बोलून घेतलं. कोणाला, ते लिहीत नाही. हल्ली रोज सोडते नळ. तुमच्या बंधूंनी दार वाजवून, काही मदत करू का, असं विचारलं. मी बटाटे दिले. त्यांनी ते असे सोलले की हातात गोट्या उरल्या.

केकची फळं भिजत घातलेली नाहीत. मुद्दाम कळवते आहे.

आणि आईंना कोणी घामाघूम पाहिलं नाही, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात कोणी पाऊलच टाकलं नाही. तुम्हीसुद्धा.

आई फोनवर येणार नाहीत. ही त्यांची इच्छा आहे. त्याहून जास्त मला विचारू नका.

लोभ होता तेवढा असू द्या, वाढवायची घाई नाही.

आपली,
वहिनी

———

१२ डिसेंबर

सौ. वहिनी यांस,
नमस्कार.

यापुढे मी तुम्हाला अहो-जाहोच करणार आहे. तू म्हणायला जवळीक लागते.

आईची ही कसली इच्छा? स्वतःच्या मुलीशी बोलायचं नाही, ही? तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई इकडे लेकीकडे आल्या होत्या, त्या मला बाजारात भेटल्या. त्या म्हणाल्या की आई निम्मी झाली आहे, घरातसुद्धा तोंडावरून रुमाल गुंडाळून बसते, कोणी आलं की आत जाते. खायला काय मिळतं, असं मी विचारलं. तुमच्या स्वयंपाकघरातून रोज पातळ पेजेचाच वास येतो, असं त्या म्हणाल्या. पेज! जिने आयुष्यभर टेबलं भरभरून जेवायला घातलं तिला पेज. स्वयंपाक तुम्हाला जमत नाही हे मला माहीत होतं. पण एका म्हाताऱ्या बाईच्या पोटापुरतंही तुम्हाला जमू नये?

मी इकडे मागची खोली रिकामी केली आहे. ऊन येतं, बाथरूम शेजारीच आहे, जिना नाही. नाताळचं जेवण झालं की संध्याकाळी आईला घेऊन जाणार. धाकट्याला सांगितलं आहे. तो नेहमीप्रमाणे हं म्हणाला.

आईचं मोठं भाजायचं भांडं आमच्याकडे होतं, ते पार्सलने पाठवलं आहे. त्यात दोन बदकं शेजारी शेजारी बसतात. निदान एवढं तरी तिच्या हातचं वाटू द्या.

कळावे. बाकी जे असतं ते सध्या नाही.

आपली,
नणंद

———

१७ डिसेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

भांडं आलं. ते ओव्हनच्या दारातून आत जात नाही. तिरकं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं, तुमच्या बंधूंनी ओव्हनचं दार काढूनही पाहिलं. आता दार नीट लागत नाही. ते दोरीने बांधून मी भाजणार आहे.

पेजेबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी आईंना वाचून दाखवलेलं नाही. तुमच्याविषयी त्यांचं मत बरं आहे, ते तसंच राहावं. मला उत्तर देता येतं, पण माझ्याकडून त्यांनी शब्द घेतला आहे. शब्द पाळायची मला सवय आहे, म्हणून गप्प बसते. खोलीविषयी तुम्ही त्यांनाच तोंडावर विचारा. त्या जातील तर मी सामान बांधून देईन. नाही म्हणाल्या तर तुम्ही पुन्हा हा विषय काढायचा नाही.

जेवण दुपारी आहे. लवकर येऊ नका.

बाकी भेटल्यावर. माझी घाई नाही.

आपली,
वहिनी

———

२७ डिसेंबर

सौ. वहिनी यांस,
नमस्कार.

हो, मी लवकर आले. माझ्या आईला भेटायला यायला मला वेळ ठरवून घ्यावी लागणार नाही.

घरात आले तर तुम्ही आईच्या खोलीत, दार आतून बंद. ओव्हन दोरीने बांधलेला, आत बदक पांढरंफटक पडलेलं. दुसरं ओट्यावर कच्चं. जेवायला तासभरही उरला नव्हता. मी आच वाढवली, दुसरी कोणीही वाढवलीच असती. चरबी भांड्याबाहेर उतू जाईल आणि पेट घेईल हे मला काय ठाऊक? ओव्हन आमचा असता तर असं झालं नसतं. तुम्ही धावत आलात, ओला टॉवेल टाकलात इथवर ठीक. पण माझ्या मुलींसमोर, मामंजींसमोर तुम्ही झारा सिंकमध्ये फेकलात आणि मला स्वयंपाकघराबाहेर व्हायला सांगितलंत. त्यावर मी जे बोलले, की एक पक्षी भाजता येत नाही आणि माझ्या आईला उपाशी मारायला निघालात, ते सगळ्यांनी ऐकलं. मी ते मागे घेत नव्हते.

मग आई बाहेर आली. रुमाल काढला. तिचं तोंड असं आत गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. समोरचे सगळे दात त्या जिन्यावर गेले, आणि हे मला, तिच्या मुलीला, तीन महिन्यांनी कळलं. हिने मला उपाशी ठेवलं नाही, ही माझे दात करते आहे, असं ती म्हणाली. अर्धे शब्द हवेत जात होते. माझी धाकटी हसली. मी तिला चापट मारणार होते, तेवढ्यात मामंजींनी शांतपणे स्वतःची कवळी काढून ताटाशेजारी ठेवली आणि आईला म्हणाले की चला, आपण दोघं सूप घेऊ.

तुम्ही मला का नाही सांगितलंत? शब्द दिला होता म्हणे. मी परकी होते का? मी तुम्हाला तसली पत्रं लिहीत राहिले आणि तुम्ही मला लिहू दिलंत.

आई माझ्याकडे आली आहे. हे तिनेच ठरवलं, मी ओढून आणलेलं नाही.

आपली,
नणंद

———

३१ डिसेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी का सांगितलं नाही, ते ऐका. आईंना तुमच्यासमोर यायची लाज वाटत होती. माझ्यासमोर वाटत नव्हती, कारण मी रोज दुसऱ्यांची तोंडं बघते. तुम्ही त्यांना नेहमी नीटनेटकी, हसरी, न घामेजलेली आई म्हणून बघितलंत, आणि त्यांना तसंच राहायचं होतं. दात बसवून, नाताळला टेबलावर बसून तुमच्याशी स्पष्ट बोलायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून दार बंद होतं. एका जागी हिरडीला टोचत होतं, तेवढं घासून घेतलं की झालं असतं. तेवढ्यात धूर आला.

तुम्हाला मी लिहू दिलं, हे खरं आहे. मला त्यात थोडं बरंही वाटत होतं. प्रत्येक पत्राबरोबर माझी बाजू जड होत होती.

निघताना आई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलं नसेल, तुम्ही गाडीत सामान लावत होतात. मी त्यांना विचारलं की माझं काय चुकलं. त्या म्हणाल्या, “तुझं काही चुकलं नाही. पण इथे मी तुझं काम झाले आहे. तिथे जाऊन आई होता येतं का बघते.”

तुमचे बंधू तेव्हापासून माझ्याशी फार गोड वागतात. मला ते सहन होत नाही. उरलेलं करपलेलं बदक मी उभ्या उभ्या, हातानेच खाल्लं. आतून चांगलं शिजलं होतं.

कवळी पुरी झाली आहे, डब्यात घालून पाठवते. झोपताना काढून पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात नाही.

नव्या वर्षात आपलं काय असावं ते ठरलेलं नाही.

आपली,
वहिनी

———

२४ जानेवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

दात चांगले बसले. आई पूर्वीसारखं बोलते. धाकटी रोज तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचते, आई तिचे उच्चार सुधारते.

पण जेवत नाही. मी सूप केलं, मऊ भात केला, मासा काटे काढून दिला, बटाटे बदकाच्या चरबीत भाजून कुस्करले. ती प्रत्येक गोष्टीला छान झालंय म्हणते आणि ताट सरकवते. दात दुखतात का, विचारलं, नाही म्हणते. डॉक्टर झाले, त्यांना काही सापडलं नाही. मी रजा घेऊन घरी बसते, दोन्ही वेळा तिच्यासमोर बसून एकेक घास बघते. काल तिने माझ्याकडे पाहून चमचा खाली ठेवला. मी आत गेले आणि नळ सोडला. तुझ्याकडून शिकले.

तुझ्याकडे ती काय खायची, कसं खायची, ते लिही. हे मी विचारलं हे धाकट्याला कळू देऊ नकोस.

तुझी,
वन्सं

———

२८ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही जे करता त्यात काहीच चुकीचं नाही. फक्त बघू नका. पडल्यापासून त्यांना कोणी समोर बसून बघितलेलं चालत नाही. आमच्याकडे मी ताट ठेवायचे, त्यांच्याकडे पाठ करायचे आणि भांडी घासत राहायचे. घासलेली भांडी पुन्हा घासायचे. मागे चमचा वाजायला लागला की समजायचं. काय खातात याला महत्त्व नाही, पेजही खातात.

पण हे तुम्हाला लिहून जमणार नाही. तुम्हाला पाठ फिरवता येत नाही, सवयच नाही. मी रविवारी येते. आपण दोघी सिंकपाशी उभ्या राहू, त्यांच्याकडे पाठ करून. बोलायचं नाही, भांडायचं तर मुळीच नाही. ते त्यांना ऐकू जातं.

आईंना आधी सांगू नका. सांगितलंत तर सकाळपासून केस विंचरून बसतील.

लोभाचं आल्यावर बघू.

आपली,
वहिनी