देवकाचा दोरा

पौड, गुरुवार, मे १९६६

सुमीचं लग्न लागलं. वायरमन महादू मेला. दोन्ही एकाच वेळी.

दुपारपासून वीज नव्हती, म्हणून पुण्याहून भाड्यानं आणलेला जनरेटर मी घरच्या वायरिंगला जोडला. महादूनं मागेच बजावलं होतं, "अण्णा, मशीन चालू करायच्या आधी मेन स्विचची दांडी खाली वडा. न्हाईतर तुमची वीज उलटी खांबावर जाईल." मी दांडीला हात घातलाही. पण सुमीचं देवक तिथंच बांधलेलं, आंब्याच्या डहाळीचा दोरा दांडीवरूनच गेलेला. माझी थोरली बहीण आक्का ओरडली, "पाव्हणं जाईस्तवर देवकाला हात लावायचा न्हाई!" दांडी वरच राहिली. मी मशीन सुरू केलं.

महादू तेव्हा कोपऱ्यावरच्या खांबावर तार जोडत होता. आत्ताच चढायला कुणी सांगितलं होतं त्या गाढवाला? जेवून चढला असता तर? म्हणे, अण्णाच्या पोरीचं लगीन अंधारात नगं.

तो पडल्याची ओरड झाली तेव्हा अक्षता पडत होत्या. मी वाजंत्र्यांना जोरात वाजवायला लावलं. "पाय घसरला," हे पहिल्यांदा मीच म्हणालो.

मग आत जाऊन दोरा तोडला, दांडी खाली ओढली. दिवे मशीनवरच होते; मांडवातला एकसुद्धा विझला नाही. उद्या कुणी बघायला आलंच, तर दांडी खाली आहे.

वळलो तर दारात आक्का. माझ्याकडे बघितलंही नाही तिनं. तुटलेला दोरा उचलला आणि गाठ मारायला बसली.